समुद्राचं तापमान, प्रवाह आणि माशांची पिल्लं: तारली, पालवा आणि आपलं खंभातचं आखात

गाभोळी (धागाकर्ती)

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या गटांवर पावसाळा आला की एक वाक्य हमखास फिरतं: "समुद्र तापला, म्हणून मासळी कमी झाली." वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. समुद्र एक-दोन अंशांनी तापला म्हणून मोठा बांगडा किंवा पापलेट मरत नाही. तो खोल जातो, नाहीतर उत्तरेकडे सरकतो. मार बसतो तो अंड्यांना आणि अंड्यातून नुकत्याच निघालेल्या तीन-चार मिलिमीटरच्या पिल्लांना. त्यांना पळता येत नाही. त्यामुळे तापमान आणि प्रवाह या दोन गोष्टी पिल्लांचं नेमकं काय करतात, यावर इथे सविस्तर लिहू या.

आधी हिशोब. समजा १० लाख अंडी फुटली आणि पिल्लं रोज २० टक्क्यांनी मरत गेली. तीस दिवसांनी उरतात सुमारे १,२४०. हेच मरण रोज १५ टक्के असेल तर उरतात ७,६००. दिवसाला फक्त पाच टक्क्यांचा फरक, आणि पुढच्या हंगामाची मासळी सहापट. माशांच्या संख्येत वर्षावर्षाला जे प्रचंड चढउतार दिसतात त्यांचं मूळ पुष्कळदा इथे असतं. किती माद्यांनी गाभोळी टाकली यापेक्षा पहिल्या महिन्यात रोज किती पिल्लं गेली, याला जास्त वजन आहे.

आता तापमान. ते मुख्यतः घड्याळासारखं काम करतं. पाण्याचं तापमान १० अंशांनी वाढलं की शरीरातल्या क्रियांचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. २८ अंशाला २४ तासांत फुटणारं अंडं अडीच पटीच्या हिशोबाने ३० अंशाला २० तासांत फुटेल आणि २६ अंशाला २९ तास घेईल. गोड्या पाण्यातल्या हॅचरीत काम करणाऱ्यांना हे पाठ असतं: रोहू-कटल्याची अंडी २८ ते ३० अंशाला १४ ते १८ तासांत फुटतात आणि पाणी गार झालं की वेळ लांबते. मत्स्यजिरे (नुकती फुटलेली पिल्लं) काढायची वेळ त्यावरूनच ठरवतात.

घड्याळ फक्त अंड्याचं पळत नाही. पिल्लाच्या पोटाखाली बलकाची पिशवी असते, ती त्याची शिदोरी. गरम पाण्यात ती शिदोरीही लवकर संपते. तीन दिवस पुरणारा बलक अडीच दिवसांत संपला, तर खाणं शोधायला अर्धा दिवस कमी मिळाला. तोंड उघडल्यावर ठराविक मुदतीत पहिला घास मिळाला नाही, तर नंतर समोर अन्न आलं तरी पिल्लू खाऊ शकत नाही. जीव असतो, पण परतीची वाट संपलेली असते.

दुसरी अडचण प्राणवायूची. ३५ क्षारतेच्या (किलोमागे ३५ ग्रॅम मीठ) समुद्राच्या पाण्यात २० अंशाला लिटरमागे साधारण ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला ६.२. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. अंड्याला कल्ले नाहीत, रक्ताभिसरण धड सुरू झालेलं नाही, प्राणवायू कवचातून झिरपून येईल तेवढाच. म्हणून एकाच जातीच्या मोठ्या माशापेक्षा अंड्याची आणि गाभोळी धरलेल्या मादीची तापमान सोसण्याची पट्टी बरीच अरुंद असते. ६९४ जातींची आकडेवारी एकत्र करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच ठळकपणे दिसलं.

प्रवाहांबद्दल इथल्या जाणकारांनी लिहावं.

---

दांडियाबाजार

एक शंका. गरम पाण्यात पिल्लू लवकर वाढत असेल तर धोक्याचे दिवसही कमी होतील ना? वरचाच हिशोब घेतो. रोज २० टक्के मरण, पण तीसऐवजी २४ दिवसांत पिल्लू मोठं झालं, तर १० लाखांतून ४,७०० उरतात. जवळजवळ चौपट. मग गरम पाणी फायद्याचंच ठरतं.

---

गाभोळी

गणित बरोबर आहे, आणि थंड समुद्रात काही वर्षी तसं घडतंही. पण त्यात एक अट गृहीत धरली आहे: वाढीच्या वेगाइतकं अन्न मिळालं पाहिजे. गरम पाण्यात पिल्लाची रोजची भूक वाढते. अन्न तेवढंच राहिलं तर वाढ न होता नुसती झीज होते, आणि अशक्त पिल्लू सहज कुणाच्या तरी तोंडी जातं. शिवाय फायद्याची बाजू प्रत्येक जातीच्या पट्टीपुरती. पट्टीच्या वरच्या टोकाशी वेग वाढायचा थांबतो आणि बेढब, वाकड्या कण्याची पिल्लं निघायला लागतात. आपला समुद्र एप्रिल-मेमध्ये आधीच ३० अंशांच्या आसपास असतो, वर सरकायला जागा थोडी. नॉर्वेच्या थंड पाण्यातल्या कॉड माशाला जे लागू, ते तारलीला (सार्डिनला) तसंच लागू करता येत नाही.

---

कोपेपॉड

अन्नाचा मुद्दा निघालाय तर तो नीट मांडतो, कारण सगळं त्यावर येऊन ठेपतं.

नॉर्वेच्या योहान योर्टने १९१४ मध्ये मांडलं की एखाद्या वर्षाची पिढी मोठी होणार की लहान, हे पहिल्या खाण्याच्या वेळीच ठरतं. पुढे इंग्लंडच्या डेव्हिड कुशिंगने त्याला वेळेची जोड दिली: पिल्लांचा बहर आणि प्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा) बहर एकत्र आले तर पिढी भरघोस, चुकले तर उपासमार. अडचण अशी की दोघांची घड्याळं वेगळी चालतात. मासा अंडी घालतो ते तापमान, दिवसाची लांबी, चंद्र, पुराचं पाणी अशा खुणांवर. प्लवक फुलतात ते उजेड आणि क्षार (खतासारखी पोषकद्रव्यं) एकत्र मिळाले की. समुद्र तापला की एक घड्याळ दहा दिवस पुढे जातं, दुसरं जागेवर राहतं.

पहिला घास किती मोठा हवा? पिल्लाचं तोंड उघडतं जेमतेम पाव मिलिमीटर. त्यात बसतात कोपेपॉडची (कोळंबीच्या कुळातल्या बारक्या प्लवकांची) नुकती जन्मलेली पोरं, साधारण ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरची. मोठे कोपेपॉड भरपूर आहेत म्हणून अन्न भरपूर, असं म्हणता येत नाही. माप चुकलं की ताट भरलेलं असूनही उपयोग नाही.

आणि हे अन्न दाट हवं. रूबेन लास्करने १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दाखवलं की अँकोव्ही या लहान माशाच्या पिल्लांना पुरेल इतकं दाट अन्न पाण्याच्या एका पातळ थरातच असतं. वादळाने तो थर विस्कटला. अन्न तेवढंच राहिलं, पण पाण्यात पसरून विरळ झालं आणि पिल्लांच्या कामाचं उरलं नाही. म्हणून प्लवक मोजताना 'एकूण किती' याबरोबर 'कुठल्या खोलीवर किती' हेही लिहून ठेवलं पाहिजे. उपग्रहाच्या हरितद्रव्याच्या नकाशात हा थर दिसत नाही.

---

उधाणभरती

आता प्रवाह. थोडं लांब होईल.

चार मिलिमीटरचं पिल्लू सेकंदाला स्वतःच्या लांबीइतकं पोहतं असं धरा. दिवसभर एकाच दिशेला पोहलं तरी ३५० मीटर. किनाऱ्यालगतचा साधा प्रवाह सेकंदाला १० सेंटिमीटर असला तर दिवसाला ८.६ किलोमीटर नेतो, वीस दिवसांत १७० किलोमीटरच्या पुढे. म्हणजे आडव्या दिशेला पिल्लाचं काही चालत नाही. पण उभ्या दिशेला? तेच चार मिलिमीटर प्रतिसेकंद तासभर खाली किंवा वर गेलं तर १४ मीटर होतात. आणि समुद्रात १४ मीटर खालचं पाणी पुष्कळदा वरच्यापेक्षा वेगळ्या दिशेने वाहत असतं. पिल्लाला सुकाणू असलंच तर ते हेच, वर-खाली होणं.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षात प्रवाह उलटतो. नैऋत्य मोसमी पावसाच्या काळात किनारी प्रवाह दक्षिणेकडे, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडे. हिवाळ्यातला प्रवाह बंगालच्या उपसागराचं कमी खारट पाणी घेऊन येतो. एकाच जागी जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये घातलेली अंडी त्यामुळे विरुद्ध टोकांना पोहोचतात.

पावसाळ्यात वारा किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वाहायला लागला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं. त्याची जागा भरायला खालचं गार, क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. केरळपासून हे सुरू होतं आणि हळूहळू उत्तरेकडे सरकतं. तारली याच काळात, साधारण जून ते सप्टेंबर, अंडी घालते आणि पिल्लांना त्या पाण्यावर फुललेले प्लवक मिळतात.

इथे मात्र जास्त म्हणजे चांगलं असं नाही. वारा मंद असेल तर क्षार वर येत नाहीत, पिल्लं उपाशी. वारा फार जोराचा असेल तर दोन तोटे: थर विस्कटतो (कोपेपॉड यांनी लिहिलंय ते) आणि वरच्या पाण्याबरोबर पिल्लं खोल समुद्रात वाहून जातात. क्यूरी आणि रॉय या संशोधकांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या किनाऱ्यांची तुलना करून दाखवलं की सेकंदाला साधारण ५ ते ६ मीटर वारा असताना नवी पिढी सर्वांत चांगली येते. अँड्र्यू बाकूनने याचीच तीन भागांत मांडणी केली: पाणी सकस व्हायला हवं, अन्न एका जागी गोळा व्हायला हवं, आणि पिल्लं त्याच जागी टिकायला हवीत. तिन्ही एकत्र आली तरच. केरळातला चाकरा, म्हणजे पावसाळ्यात किनाऱ्यालगत तयार होणारी शांत पाण्याची चिखलपट्टी, टिकण्याची अशीच जागा आहे.

आणखी एक धोका. वर येणाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीवर प्राणवायूची प्रचंड तूट असलेला थर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याचा परिणाम किनारी उथळ भागाच्या तळापर्यंत पोहोचतो. तळाजवळची अंडी आणि पिल्लं तिथे गुदमरतात.

केरळातली तारलीची आवक २०१२ मध्ये सुमारे ४ लाख टन होती. २०२१ मध्ये जेमतेम ३,३०० टन. पुढच्याच वर्षी पुन्हा लाखाच्या आसपास. दहा वर्षांत शंभरपट खाली, आणि एका वर्षात वर. नुसत्या मासेमारीने आलेली घट अशी एका वर्षात भरून निघत नाही. इतकी मोठी उडी मारायला पिल्लं जगण्याचं प्रमाण बदलावं लागतं. पेरूच्या अँकोव्हेटाचं (तिथली अँकोव्ही) १९७२ च्या एल निनोत, म्हणजे प्रशांत महासागर तापण्याच्या वर्षात, असंच झालं, पण तिथे आधीच्या वर्षांत एक कोटी टनांहून जास्त मासे उपसलेले होते, त्यामुळे वाईट वर्ष सोसायला माद्याच उरल्या नव्हत्या. सावरायला दशकं लागली. म्हणून 'सगळं हवामानाने झालं' हेही मला मान्य नाही.

---

नर्मदातीर

उधाणभरती, तुमचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. फक्त बडोदेकर वाचकांसाठी एक स्पष्ट करतो: केरळचं हे चित्र आपल्या दाराशी असलेल्या खंभातच्या आखाताला जवळजवळ लागू होत नाही.

आखात दीव-दमणजवळ रुंद आणि आत जाता जाता २५ किलोमीटरपर्यंत निमुळतं. त्यामुळे भरतीचं पाणी आत चेपलं जातं. भावनगरला उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांत भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो. ज्यांनी कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर भरतीला पाण्याखाली जाताना पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. अशा पाण्यात थर टिकतच नाहीत. रोज चार वेळा वरपासून तळापर्यंत सगळं घुसळून निघतं. गाळ इतका की उजेड खाली जात नाही, त्यामुळे क्षार असूनही वनस्पतीप्लवक फारसे फुलत नाहीत. इथली अन्नसाखळी बरीचशी चिखलातल्या आणि तिवरांच्या कुजलेल्या पाल्यापाचोळ्यावर उभी आहे. त्यावर जवळा, जवळ्यावर बोंबील. बोंबील सौराष्ट्र ते मुंबई या पट्ट्यात भरपूर आणि रत्नागिरीच्या खाली विरळ का, याचं उत्तर शोधताना हे गढूळ, भरतीने ढवळलेलं पाणी विसरता येत नाही. डोल जाळं, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं जाळंसुद्धा याच भरतीच्या जोरावर चालतं.

मग पिल्लू वाहून का जात नाही? प्रवाहाचा कमाल वेग सेकंदाला २ मीटर धरला तर एका भरतीत पाणी सुमारे २८ किलोमीटर आत जातं, पण ओहोटीला तेवढंच परत येतं. निव्वळ सरक थोडी. खाडीतल्या अनेक जातींची पिल्लं याचा फायदा घेतात: भरतीला वर येतात, ओहोटीला तळाजवळ बसतात, जिथे घर्षणामुळे पाणी हळू वाहतं. दोन-चार दिवसांत बरंच अंतर आत. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या) दिवसांत ही चाल मंदावते, उधाणाला जोर धरते.

आता पालवा, म्हणजे हिलसा. याच्या बाबतीत तापमानापेक्षा नदीचं पाणी मोठं. पालवा समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात पुराचं गोडं, गढूळ पाणी समुद्रात आलं की नर्मदेत वर चढतो. मादी आकारानुसार एक लाखापासून वीस लाखांपर्यंत अंडी घालते. अंडी वाहत्या पाण्यात तरंगत राहतात आणि साधारण एका दिवसात फुटतात. पाणी संथ झालं की ती तळाला बसतात, वर गाळ साचतो, गुदमरतात.

इथे अंतराचा हिशोब करा. पुराचा निव्वळ वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल तर एका दिवसात अंडं ४३ किलोमीटर खाली येतं. फुटल्यावर बलक संपेपर्यंत आणखी दोन-तीन दिवस. अंडं आणि कोवळं पिल्लू खाऱ्या पाण्यात पोहोचण्याआधी त्याला वरच्या अंगाला गोड्या पाण्याचा लांबलचक पट्टा हवा. सरदार सरोवरापासून समुद्र सुमारे दीडशे किलोमीटर, आणि त्यातलाही खालचा बराच भाग भरतीच्या टप्प्यात. धरणाखाली सोडायच्या पाण्यासाठी ६०० क्युसेक हा आकडा वर्षानुवर्षं चर्चेत आहे, तो म्हणजे सेकंदाला फक्त १७ घनमीटर. इतक्या पाण्याला भरती सहज मागे ढकलते आणि खारेपणा वर सरकतो. जागा तीच राहते, पण पिल्लांच्या कामाचा पट्टा आखडतो.

भरूचच्या खाली भाडभूतला होणाऱ्या बंधाऱ्याबद्दल माझी काळजी हीच आहे. बंधाऱ्यामुळे वर गोडं पाणी साठेल, खारेपणा अडेल, हे खरं. पण साठलेलं पाणी म्हणजे वाहतं पाणी नव्हे. मत्स्यमार्ग ठेवला तरी पालव्याच्या कुळातले मासे शिडीसारख्या अरुंद मार्गांना बिचकतात, हा अनेक देशांतला अनुभव आहे. गंगेवर १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यावर अलाहाबादपर्यंत जाणारा हिलसा खालीच अडला. दरवाजे कुठल्या आठवड्यात, किती वेळ, कुठल्या तिथीला उघडे राहतील, हे पालव्याच्या दृष्टीने काँक्रीटच्या उंचीइतकंच महत्त्वाचं आहे. पहिल्या मोठ्या पुरात आणि उधाणाच्या भरतीला ते उघडे हवेत.

---

मांडवीकर

केंद्राची पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी आहे ना? मग अंडी घालायचा काळ तर सुरक्षित झाला.

---

गाभोळी

मांडवीकर, बंदी हवीच, पण ती ६१ दिवसांची आणि सगळ्या जातींना एकच. तारलीचा हंगाम सप्टेंबरपर्यंत चालतो, बांगड्याचाही लांबलचक आहे. पालवा तर ऑगस्ट-सप्टेंबरात नदीत असतो. शिवाय बंदी माद्यांना वाचवते. पिल्लांना पुढचे दोन-तीन महिने बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांपासून वाचवायचं काम वेगळंच आहे. बांगलादेशात हिलशासाठी आश्विन पौर्णिमेच्या आसपास वेगळी २२ दिवसांची बंदी असते आणि लहान हिलसा पकडण्यावर महिनोन् महिने निराळी. एका जातीच्या घड्याळाला धरून नियम केला की तो असा दिसतो.

---

दांडियाबाजार

घरबसल्या तापमानाचे नकाशे बघायचे असतील तर काय सांभाळावं?

---

कोपेपॉड

चार गोष्टी. अवरक्त किरणांवर चालणारा उपग्रह पाण्याच्या अगदी वरच्या कातडीचं तापमान मोजतो, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ थराचं. खालच्या पाण्याबद्दल तो काही सांगत नाही. दुसरं, ढगांतून त्याला दिसत नाही, म्हणजे नेमक्या जून ते सप्टेंबरात आपल्या किनाऱ्यावर तो जवळजवळ आंधळा. सूक्ष्मलहरींवर चालणारे उपग्रह ढगांपलीकडे बघतात, पण किनाऱ्याजवळ जमिनीचा सिग्नल मिसळून आकडे बिघडतात. नकाशावर तरीही रंग भरलेला दिसतो, कारण रिकामी जागा शेजारच्या आणि आदल्या दिवसांच्या आकड्यांवरून भरलेली असते. तिसरं, पाव अंशाची चौकट म्हणजे २६-२८ किलोमीटर. खंभातच्या आतल्या टोकाला अशी एकच चौकट बसते आणि तीही निम्मी जमिनीवर. चौथं, 'सरासरीपेक्षा इतकं जास्त' असं लिहिलेलं असेल तर कुठल्या तीस वर्षांची सरासरी, ते बघा. १९९१ ते २०२० धरली की आकडा लहान दिसतो, त्याआधीची धरली की मोठा.

सागरी उष्णतेची लाट म्हणतात तीसुद्धा मोजूनमापून ठरते: त्या जागी, त्या तारखेला नोंदलेल्या तापमानांपैकी वरच्या दहा टक्क्यांत सलग किमान पाच दिवस. पाच दिवस म्हणजे आपल्याकडच्या पिल्लाचं अंडं, बलक आणि पहिला घास, तिन्ही त्यात उरकलं. मासिक सरासरीत अशी लाट कित्येकदा दिसतही नाही. म्हणून पिल्लांचा विचार करताना रोजचे आकडेच काढा.

---

उधाणभरती

सयाजीराव विद्यापीठात किंवा इतरत्र यावर प्रकल्प करू पाहणाऱ्यांसाठी, नमुने कसे घ्यायचे तेही लिहितो. पिल्लं पकडायला ६० सेंटिमीटर तोंडाचं जोडजाळं, आस ०.३ ते ०.५ मिलिमीटर. एका तोंडाचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर. सेकंदाला एक मीटर वेगाने पाच मिनिटं ओढलं तर ३०० मीटर, म्हणजे सुमारे ८५ घनमीटर पाणी गाळलं. पण हा कागदावरचा आकडा. तोंडात प्रवाहमापक बसवलाच पाहिजे, कारण आखातात गाळाने जाळी दोन मिनिटांत तुंबते, पाणी आत न जाता बाजूने वळतं आणि पिल्लं खोटीच कमी दिसतात. मापकाचा आकडा अपेक्षेपेक्षा बराच कमी आला तर तो नमुना बाद. ओढण्याचा वेळ निम्मा करा, फेऱ्या दुप्पट.

जाळं तळाजवळून तिरकं वर आणा, म्हणजे सगळ्या खोल्यांचं पाणी येतं. भरती आणि ओहोटी दोन्हींचे नमुने हवेत, नाहीतर नर्मदातीर म्हणतात ती वर-खाली होण्याची चाल निसटते. दिवसा मोठी पिल्लं जाळं बघून बाजूला होतात, म्हणून रात्रीचा नमुना वेगळा ठेवा. त्याच वेळी त्याच खोलीचं तापमान, क्षारता आणि प्राणवायू नोंदवा. नंतर मोजू म्हटलं तर पाणी दहा किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

---

गाभोळी

यात एकच भर. बऱ्याच ठिकाणी सवयीने सगळं फॉर्मलिनमध्ये टाकतात. फॉर्मलिन आम्ल होत जातं आणि पिल्लाच्या कानातला खडा विरघळवतं. तो खडा म्हणजे त्याची जन्मपत्रिका: रोज एक कडं, जॉर्जिओ पानेलाने १९७१ मध्ये हे दाखवलं. कडी मोजली की अंडं फुटल्याची तारीख निघते, कड्यांमधलं अंतर मोजलं की कुठल्या दिवशी वाढ खुंटली ते कळतं, आणि ती तारीख रोजच्या तापमानाशेजारी ठेवता येते. म्हणून निम्मा नमुना ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. बाटलीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग प्लवकांनी भरू नका. आणि २४ तासांनी अल्कोहोल एकदा बदला, कारण नमुन्यातल्या पाण्याने ते पातळ झालेलं असतं.